बारीक मनगट आणि घड्याळाचं माप

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, “सर, तत्त्वज्ञान सोडून घड्याळाचं दुकान काढलंत की काय?” दुकान काढलेलं नाही. पण गेल्या दिवाळीत नातीला घड्याळ घ्यायला तिच्याबरोबर एका दुकानात गेलो होतो, आणि तिथे ऐकलेलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्या वाक्याचा माग काढता काढता हे व्याख्यान तयार झालं.

नात नर्सिंग शिकते. तिला नाडी मोजायची असते, त्यामुळे तिच्या अटी साध्या होत्या. आकडे ठळक हवेत, सेकंदकाटा हवा, आणि घड्याळ मनगटावर फिरता कामा नये. मनगट आमच्या घराण्याचं, म्हणजे काडीसारखं. विक्रेत्याने तिच्यासमोर पाच नाजूक घड्याळं मांडली. खडे होते, मोती होते, पण सेकंदकाटा एकालाही नव्हता. तेव्हा ती म्हणाली, पुरुषांची दाखवा. मग ४४ मिलिमीटरचं एक घड्याळ आलं. ते हातावर ठेवल्यावर ताटलीवर वाटी नव्हे, वाटीवर ताटली ठेवल्यासारखं दिसायला लागलं. त्यावर विक्रेता अगदी सहानुभूतीने म्हणाला, “मॅडम, तुमचं मनगटच लहान आहे, त्याला आपण काय करणार?”

हेच ते वाक्य. दोष घड्याळाचा नाही, मनगटाचा! आणि मला एकदम आई आठवली. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मामाने तिला एक परदेशी घड्याळ आणून दिलं होतं. तबकडी पावलीपेक्षा लहान, पट्टा सोनेरी साखळीचा. घड्याळ सुरेखच होतं. पण पंचेचाळिशीनंतर आईला त्यातले काटे दिसेनात. मनगटावर घड्याळ बांधलेलं असायचं आणि ती पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारायची, “बाळ, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले रे?” आम्ही घरात हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

तेव्हा प्रश्न असा आहे की बारीक मनगटाच्या माणसाला, मग ती बाई असो की पुरुष, एक तर दागिना नाही तर ताटली, अशीच निवड का करावी लागते? हे मुळापासूनच असं होतं का? इतिहास बघितला तर तसं दिसत नाही.

मनगटी घड्याळ जन्माला आलं तेच मुळी बारीक मनगटासाठी. १८१० साली नेपल्सची राणी कॅरोलीन म्युरा, म्हणजे नेपोलियनची बहीण, हिने पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीकडे मनगटावर घालायच्या घड्याळाची मागणी नोंदवली. १८६८ मध्ये पाटेक फिलिप या जिनिव्हाच्या पेढीने हंगेरीच्या एका काउंटेससाठी असंच घड्याळ बनवलं. त्या काळात सभ्य पुरुषाचं घड्याळ खिशात असायचं, साखळीला लावलेलं. मनगटावर घड्याळ बांधणं म्हणजे बायकी काम. गंमत बघा, पुढे ज्या वस्तूवर पुरुषांनी मर्दानगीची मोठमोठी जाहिरात केली, ती वस्तू त्यांनी बायकांकडूनच उचलली आहे.

उचलली का? हात मोकळे हवे होते म्हणून. आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ हा ब्राझिलियन वैमानिक पॅरिसमध्ये विमानं आणि हवाई जहाजं उडवायचा. दोन्ही हात कळांवर गुंतलेले असताना खिशातून घड्याळ काढणार कसं? १९०४ साली त्याचा मित्र लुई कार्तिए याने त्याच्यासाठी मनगटी घड्याळ बनवलं. आता हा सांतोस-द्युमाँ दिसायला कसा होता? बुटका आणि सडपातळ, वजन ५० किलोच्या आसपास. म्हणजे पुरुषांच्या मनगटी घड्याळाच्या इतिहासातला हा पहिला प्रसिद्ध गिऱ्हाईक बारीक मनगटाचाच होता. त्याचं घड्याळ चौकोनी, चपटं आणि आटोपशीर होतं.

त्यानंतर युद्धं आली. बोअर युद्धात इंग्रज अधिकारी खिशातलं घड्याळ चामड्याच्या पट्ट्यात बसवून मनगटाला बांधायला लागले. पहिल्या महायुद्धात तर ती गरजच झाली. तोफांचा मारा अमुक मिनिटाला थांबणार आणि त्याच मिनिटाला पायदळ पुढे सरकणार, म्हणजे सगळ्यांचं घड्याळ एक हवं आणि ते चटकन दिसायला हवं. पण एवढी मनगटी घड्याळं आणायची कुठून? खिशातल्या मोठ्या घड्याळाचं यंत्र मनगटावर अवजड होतं. म्हणून बायकांच्या गळ्यात किंवा पोलक्यावर लटकणाऱ्या घड्याळांची लहान यंत्रं वापरली गेली. त्यांच्या डबीला तारेच्या कड्या डाखल्या, पट्टा ओवला, तबकडीवर अंधारात चमकणारे आकडे रंगवले, झालं सैनिकाचं घड्याळ. खंदकातल्या शिपायाच्या मनगटावर बायकांच्या घड्याळाचं यंत्र टिकटिकत होतं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं पुरुषांच्या घड्याळाचं माप याच परंपरेतलं राहिलं. पाटेकचं कालात्राव्हा हे १९३२ चं घड्याळ, पुरुषांच्या नीटनेटक्या घड्याळाचा आदर्शच समजलं जातं. त्याचा व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर. रोलेक्सचं १९४५ चं डेटजस्ट ३६ मिलिमीटरचं, आणि ते त्या काळी अंगाने भरलेलं वाटायचं. आपल्याकडे १९६१ पासून बंगळूरला एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली. जावयाला घड्याळ म्हणून तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांना जी ‘जनता’ मिळाली असेल, ती ३५ मिलिमीटरच्या आसपासची. आज हीच मापं दुकानात ‘युनिसेक्स’ किंवा ‘लेडीज’ म्हणून ठेवलेली दिसतात. मनगटं तीच आहेत, पाटी बदलली.

मग बायकांच्या घड्याळाचं काय झालं? पुरुषांनी मनगट घेतल्यावर बायकांचं घड्याळ आणखी लहान होत गेलं. १९२९ साली जेजे-लकूल्त्र या स्विस कारखान्याने १०१ क्रमांकाचं यंत्र बनवलं. लांबी १४ मिलिमीटर, रुंदी ५ मिलिमीटरहून कमी, वजन सुमारे एक ग्रॅम. कारागिरी म्हणून याला तोड नाही. इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीने १९५३ च्या राज्याभिषेकाला हेच यंत्र असलेलं घड्याळ घातलं होतं. पण राणीला वेळ सांगायला पदरी माणसं असतात. माझ्या आईला घंटा चुकली तर मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागायचं.

इथे यंत्राची बाजूही मांडायला हवी, नाहीतर अन्याय होईल. चावीच्या घड्याळात वेळ राखते ती तोलचक्राची आवर्तनं. चक्र जितकं लहान तितकी त्याची जडता कमी, आणि हाताचे हिसके, तेलाचं घट्ट होणं यांचा परिणाम जास्त. त्यामुळे अगदी लहान यंत्र बिनचूक चालवणं खरोखर अवघड होतं. पण अवघड म्हणजे अशक्य नव्हे. १९१४ च्या जुलैत इंग्लंडच्या क्यू वेधशाळेने रोलेक्सच्या एका छोट्याशा मनगटी घड्याळाला अव्वल दर्जाचं प्रमाणपत्र दिलं. त्याचं यंत्र होतं साधारण २५ मिलिमीटरचं. म्हणजे त्या मापात अचूकपणा बसतो हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झालं होतं.

आणि १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेकोने क्वार्ट्‌झचं मनगटी घड्याळ विक्रीला आणल्यावर उरलीसुरली सबबही संपत गेली. आजच्या साध्या क्वार्ट्‌झ घड्याळात तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. तो केवढ्या डबीत बसवलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मोठ्या घड्याळाची यांत्रिक गरज इथे संपली. आणि नेमकी यानंतरच घड्याळं फुगायला लागली!

मोठी घड्याळं पूर्वीही होती, पण त्यांना कारण होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानातल्या दिशादर्शकाचं घड्याळ ५५ मिलिमीटरचं होतं, कारण ते जाड जाकिटाच्या बाहीवरून बांधायचं असे. इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पानेराईने ४७ मिलिमीटरची घड्याळं केली, तीही पोहण्याच्या पोशाखावरून बांधायला आणि गढूळ पाण्यात दिसायला. ही माणसं उघड्या मनगटाचा विचारच करत नव्हती. १९९३ साली ओदमार पिगेने ४२ मिलिमीटरचं रॉयल ओक ऑफशोअर काढलं, तेव्हा लोकांनी त्याला ‘बीस्ट’, म्हणजे श्वापद म्हटलं. पुढे सिल्व्हेस्टर स्टॅलोनसारख्या नटाच्या हातावर पानेराई दिसलं आणि लाट आली. जाकीट गेलं, पाणी गेलं, विमान गेलं, माप तेवढं राहिलं. कचेरीत बसून सह्या करणारा माणूस पाणबुड्याचं घड्याळ घालू लागला, आणि ज्याच्या मनगटावर ते बसेना त्याला वाटायला लागलं की आपल्यातच काही उणं आहे.

आता थोडं माझ्या विषयाकडे वळतो, रागावू नका. आपल्या वैशेषिक दर्शनात ‘परिमाण’ हा एक गुण मानलेला आहे. प्रशस्तपाद म्हणतो, बोर, आवळा आणि बेलफळ ही तिन्ही ‘महत्’ परिमाणाचीच आहेत. बेलफळाशेजारी ठेवल्यावर आवळ्याला आपण लहान म्हणतो, पण ते म्हणणं भाक्त आहे, म्हणजे गौण, केवळ बोलण्यापुरतं. लहानपण आवळ्याच्या अंगी नसतं, ते शेजारी काय ठेवलंय यावर ठरतं. दुकानातल्या त्या वाक्यातली चूक हीच आहे. विक्रेत्याने शेजारी बेलफळ ठेवलं आणि आवळ्याला दोष दिला.

ही गोष्ट आपल्याकडच्या कासाराला न शिकवता कळते. कासार बाईचा हात हातात घेतो, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून बघतो आणि माप सांगतो, सव्वादोन किंवा अडीच. तुमचा हात लहान आहे असं तो कधी म्हणत नाही. कारण त्याच्याकडे प्रत्येक हाताचं माप आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आहे खरी, पण अंथरूण शिवणाऱ्याने आधी पाय मोजायचे असतात! घड्याळवाल्यांनी माप म्हणून फक्त दोनच खण केले, ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’. आणि एका खणात वेळ ठेवली, दुसऱ्यात शोभा.

मग करायचं काय? तर कासारासारखं करायचं. नुसत्या व्यासावर जाऊ नका. मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीने मोजा. माझा ४८ मिलिमीटर भरतो. घड्याळाला पट्टा जिथे अडकतो ते वरचे आणि खालचे कान असतात, त्यांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर या सपाट भागाच्या आत राहिलं पाहिजे. ३८ मिलिमीटरचं घड्याळ कान आखूड आणि खाली वळलेले असतील तर बारीक हातावर छान बसतं, आणि ३६ चं लांब सरळ कानांचं असेल तर बाहेर डोकावतं. जाडीही बघा. उंच डबी बारीक मनगटावर कलते. चौकोनी घड्याळ त्याच रुंदीच्या गोल घड्याळापेक्षा मोठं दिसतं. आणि पट्ट्याला दाभणाने जादा भोक पाडून घ्यायला लाजू नका. मी पन्नास वर्षं पाडून घेतोय.

नातीच्या घड्याळाचं काय झालं, ते सांगून थांबतो. नव्या दुकानात नाहीच मिळालं. शेवटी पेठेतल्या एका घड्याळजीकडे जुनी एचएमटी मिळाली, पुरुषांची, पांढरी तबकडी, काळे आकडे, लांब सेकंदकाटा. त्याने ती साफ करून तेल दिलं आणि आखूड पट्टा घातला. तिच्या हातावर ती अशी बसली, जणू तिच्यासाठीच केली होती. परवा घरी आली तेव्हा तिने सरावासाठी माझी नाडी बघितली. माझं बारीक मनगट तिच्या बारीक बोटांत, नजर सेकंदकाट्यावर. मिनिटभर कोणी बोललं नाही. मग म्हणाली, “आजोबा, बहात्तर.”

तिला कुणाला वेळ विचारावी लागली नाही. आईला हे बघायला मिळायला हवं होतं.

प्रश्न असतील तर विचारा, पण आधी घड्याळ बघा. पाच मिनिटं जास्त घेतली आहेत मी.