रांजणवाडी, अर्बुद आणि काचपट्टी

पापणीच्या कडेवर गाठ आली की तिला रांजणवाडी म्हणावे, तळहातावर बोट घासून त्याचा शेक द्यावा, फार तर लवंग उगाळून लावावी, ही मराठी घरांतील जुनी चाल आहे. बहुधा ती चालून जाते. गाठ पिकते, फुटते, नाहीशी होते. क्वचित मात्र गाठ दुखत नाही, पिकत नाही आणि जातही नाही. वैद्यकाच्या इतिहासात या न दुखणाऱ्या गाठीने मोठमोठ्यांना चकविले आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे एकवीस रोग सांगितले आहेत. त्यांत ‘लगण’ म्हणजे बोराएवढी, कठीण, न पिकणारी, न दुखणारी गाठ आणि ‘अर्बुद’ म्हणजे पापणीच्या आतील विषम, गाठाळ, पुन्हा वेदनाहीनच वाढ. दोहोंचे वर्णन इतके जवळचे असूनही लगणाची गणना भेद्य रोगांत आणि अर्बुदाची छेद्य रोगांत केलेली आहे. एक फोडावयाचे, दुसरे कापून काढावयाचे. तैलग्रंथींचा कर्करोग सुश्रुताला ठाऊक होता असे यावरून म्हणणे हा अतिरेक होईल. परंतु कोणता प्रश्न विचारावयाचा हे त्याला कळले होते, यात संशय नाही.

त्वचेला स्निग्ध ठेवणाऱ्या तैलग्रंथी सामान्यतः केसांच्या मुळाशी उघडतात. पापणीत मात्र त्यांची एक स्वतंत्र रांग आहे, वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत वीसेक. अश्रूंवर तेलाचा पातळ थर पसरून ते लवकर सुकू न देणे हे त्यांचे काम. जर्मनीतील हेल्मश्टेट येथील हाइनरिख माइबोम याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले आणि त्याचेच नाव त्यांना चिकटले. या ग्रंथीचे तोंड बुजले की लगण होते. तिच्याच पेशी बेबंद वाढू लागल्या की कर्करोग होतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच.

तेव्हा निर्णय सूक्ष्मदर्शकाकडे गेला, आणि तेथेही एक विलक्षण अडचण निघाली. ऊतकाचा पातळ काप घेण्यासाठी तुकडा मेणात बसवितात. त्यापूर्वी तो मद्यार्क आणि झायलिन यांतून काढावा लागतो. या द्रावणांत चरबी विरघळून जाते. म्हणजे ज्या तेलावरून ही पेशी ओळखावयाची, तेच काचपट्टीवर पोहोचण्याआधी धुऊन निघते! मागे उरतात त्या फेसाळ, रिकाम्या पोकळ्या. ताजा तुकडा गोठवून कापला आणि चरबीला धरणारा रंग दिला, तर तेलाचे थेंब लाल दिसतात. पण त्यासाठी शस्त्रवैद्याला संशय आधी यावा लागतो आणि तुकडा मेणात जाण्यापूर्वी त्याने तसे कळवावे लागते.

भारतात अशा कामाला लागणारी विकृतिशास्त्राची परंपरा रुजविण्याचे पुष्कळसे श्रेय एका गोमंतकीयाकडे जाते. डॉ. वसंत रामजी खानोलकर १९४१ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात आले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी काचून कमरेच्या त्वचेला होणारा कर्करोग त्यांनी १९४५ साली जगापुढे मांडला. परदेशी ग्रंथांत नाही म्हणून एखादा रोग येथे नसेलच असे मानू नये, हा त्या निबंधाचा खरा धडा होता.

दिल्लीत हा धडा पापणीच्या बाबतीत गिरविला गेला. तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था १९५६ च्या कायद्याने स्थापन झाली. सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात १९६५ साली विकृतिशास्त्राची भारतीय नोंदशाला सुरू झाली. आणि १९६७ साली आयुर्विज्ञान संस्थेत राजेंद्रप्रसाद नेत्रविज्ञान केंद्र उभे राहिले. हरियाणा, उत्तर प्रदेश, बिहार येथून येणारे रुग्ण आणि त्यांच्या गाठींचे तुकडे आता एका नगरीत एकत्र येऊ लागले. पाश्चात्त्य ग्रंथांनुसार पापणीच्या कर्करोगांत तैलग्रंथींचा वाटा शेकडा पाचाच्या आत-बाहेर. भारतीय रुग्णालयांच्या अनेक नोंदींत तो तिसऱ्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही अधिक निघाला. ग्रंथातील ‘दुर्मीळ’ हा शब्द येथे जपून वाचावयास हवा होता. गौर त्वचेच्या लोकांत उन्हामुळे होणारा दुसरा एक कर्करोग फार आढळतो, आणि त्याच्या गर्दीत हा तेथे लहान दिसतो, हेही या फरकाचे एक कारण होय.

या आकड्यांमागे माणसे आहेत. साठीची एखादी स्त्री. पापणीची गाठ एकदा खरवडून घेतली, सहा महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा खरवडली. निघालेला मगज कापसाबरोबर बादलीत गेला. किंवा एकच डोळा महिनोन् महिने लाल, पापणीचे केस झडलेले, आणि उपचार मात्र डोळे आल्याचे. दरम्यान रोग कानाजवळच्या लसिका ग्रंथींत उतरतो. वय झालेल्या माणसाची, पुन्हा त्याच जागी उद्भवलेली गाठ विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठविलीच पाहिजे, हा नियम अशा रुग्णांनी भोगलेल्या विलंबातून आला आहे.

१९६७-६८ मध्ये म्युअर आणि टोरे यांनी स्वतंत्रपणे दाखविले की त्वचेवरील अशी तैलग्रंथींची अर्बुदे कधी कधी आतड्यांच्या कर्करोगाची सोबतीण असतात. १९९३ नंतर त्यामागील आनुवंशिक दोष सापडू लागले, आणि त्वचेवरच्या एका पुटकुळीवरून सबंध कुटुंबाची तपासणी करण्याची वेळ आली. पापणीच्या गाठीत हा संबंध त्यामानाने कमी आढळतो.

मेणातून गेलेल्या तुकड्यातही तेलाच्या थेंबाभोवतीचे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंडांचे रंग आता उपलब्ध आहेत. त्यामुळे गोठविलेल्या कापाची निकड कमी झाली. निदान ठरल्यावर मात्र आणखी एक काम उरते. हा रोग डोळ्याच्या आतील पातळ आवरणात सुट्या सुट्या पेशींनी, वरून काही न दाखविता पसरतो. म्हणून शस्त्रवैद्य त्या आवरणाच्या ठराविक जागांवरून तांदळाच्या कणीएवढे तुकडे घेतो, प्रत्येकाची बाटली निराळी, प्रत्येकीवर जागेची चिठ्ठी. त्या साऱ्या बाटल्यांचा अहवाल आल्यावरच डोळा राखता येईल की नाही ते ठरते.