परवान्याच्या मापाची मोटार

शिंप्याने गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप न घेता त्याच्या खिशातल्या कागदाचे माप घ्यावे आणि त्या बेताने अंगरखा शिवावा, असा प्रकार मोटारींच्या इतिहासात खरोखरच घडला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत युरोपच्या रस्त्यांवर ज्या चिमुकल्या मोटारी धावू लागल्या, त्यांची चित्रे वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. कोणी अंड्यासारखी, कोणी पंख छाटून चाकांवर ठेवलेल्या विमानासारखी, कोणाला तीनच चाके, तर कोणाचे दार थेट नाकावर! पाहणाऱ्याला वाटावे, हे कोणा लहरी कारागिराचे खेळ असतील. पण त्या कारागिरांच्या टेबलावर आराखड्याशेजारी वाहनपरवान्याचे नियम उघडे पडलेले असत, आणि गाडीचे रूप बऱ्याच अंशी त्या नियमांनीच ठरवलेले असे.

काळ ओढगस्तीचा होता. घरटी एक फटफटी असली तरी भाग्य. लग्न झाले, मूल झाले, की त्याच फटफटीला बाजूगाडी जोडायची आणि बायकामुलांना तीत बसवून रविवारी फिरायला निघायचे. पाऊस आला की सगळा संसार ओलाचिंब. मोठी मोटार परवडत नाही हे तर खरेच. पण तिच्यासाठी नव्याने परीक्षा देऊन वरच्या वर्गाचा परवाना काढायचा, हे आणखी एक दुखणे. फटफटीच्याच परवान्यावर डोक्यावर छप्पर मिळाले तर कोणाला नको होते?

जर्मनीत जुना चौथ्या वर्गाचा परवाना होता. इंजिन २५० सी.सी.च्या आत असले म्हणजे झाले. वाहनाला चाके किती, याची त्या परवान्याला फिकीर नव्हती. बी.एम.डब्ल्यू. कंपनीने इटलीच्या इसो कंपनीकडून इसेट्टा ही अंडाकृती गाडी उचलली आणि १९५५ साली बाजारात आणली, तेव्हा तिच्यात स्वतःच्या मोटारसायकलीचे इंजिन बसवले ते या अडीचशेच्या उंबरठ्याच्या आतले. १९६२ पर्यंत अशा दीड लाखांहून अधिक गाड्या खपल्या. आज श्रीमंतांची मोटार म्हणून मिरवणाऱ्या या कंपनीला त्या दिवसांत या अंड्यानेच तगवले.

त्याहून मौजेची कथा गोगोमोबिलची. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावचे हान्स ग्लास यांचा कारखाना मूळचा शेतीच्या यंत्रांचा. तेथून ते स्कूटरकडे वळले आणि १९५५ साली त्यांनी चार चाकांची, पाहायला अगदी खऱ्या मोटारीसारखी चिमुकली गाडी काढली. नातवाचे लाडके नाव गोगो, तेच गाडीला दिले. पण याच सुमारास, १९५४ च्या अखेरीस, तो जुना परवाना नव्याने देणे सरकारने बंद केले होते. ज्यांच्याजवळ तो आधीपासून होता त्यांचा हक्क मात्र शाबूत राहिला. म्हणजे ग्लास यांच्या २४५ सी.सी.च्या गाडीचे खास गिऱ्हाईक असे होते, की ज्यांच्या संख्येत पुढे एकाचीही भर पडणार नव्हती. पडली तर वयात भर पडणार! मोठ्या इंजिनाची गोगोमोबिलही मिळे, पण तिला वरचा परवाना लागे. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाने विशीतल्या पोरांच्या रांगेत बसून पुन्हा परीक्षा द्यायची, आणि नापास झालो तर गावात तोंड कसे दाखवायचे? हा संकोच किती बळकट होता पाहा: लोकांच्या हाती पैसा आला, इतर चिमुकल्या गाड्या एकेक करून अस्तंगत झाल्या, पुढे ग्लास यांचा कारखानाही बी.एम.डब्ल्यू.ने विकत घेतला, तरी गोगोमोबिल १९६९ पर्यंत तयार होतच राहिली.

इंग्लंडात मोजपट्टीच निराळी. तेथल्या कायद्याने इंजिनाकडे पाहिले नाही. चाके मोजली आणि अंग तोलले. तीन चाके असून वजन आठ हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे ४०६ किलोंच्या आत असेल, तर ती गाडी फटफटीच्या परवान्यावर हाकता येई, आणि करही कमी पडे. म्हणून टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीने ७४७ सी.सी.चे चार सिलिंडरांचे भरदार इंजिन खुशाल घातले. काटकसर केली ती अंगात. आधी लाकडी सांगाड्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा आणि नंतर काचतंतूंची काया! जर्मनीत मोठ्या अंगात लहान हृदय, तर येथे हलक्या कुडीत थोर हृदय. दोन्हीकडचे गिऱ्हाईक एकच, फटफटीवाला कुटुंबवत्सल गृहस्थ. कायद्याची कलमे वेगळी म्हणून जनावरे वेगळी निपजली.

पण इंग्रजी नियमाला एक शेपूट होते. फटफटीच्या परवान्यावर चालवायची तर गाडीला मागे जाण्याचा गिअर चालत नसे. ब्रायटनच्या जुन्या रेल्वे कारखान्यात १९५७ पासून इसेट्टा तयार होऊ लागली, तेव्हा तिची तीन चाकांची खास विलायती आवृत्ती काढली आणि तिचा हा गिअर बंद ठेवला. आता इसेट्टाचे एकमेव दार तर पुढच्या तोंडाला. एखादा नवशिका भिंतीला नाक लावून थांबला, की दार उघडेना आणि गाडी मागे सरेना! आत बसलेल्याने शेजाऱ्याची वाट पाहायची. बाँड मिनिकारच्या कर्त्यांनी यावर नामी तोड काढली. इंजिन पुढच्या एकुलत्या चाकावरच बसवलेले, ते इंजिनासकट दोन्ही बाजूंना काटकोनात वळे. मागे जायची गरजच नको, गाडी जागच्या जागी गिरकी घेई. साठच्या दशकात ही मागे न जाण्याची अट उठली. कायद्यालाही कधी कधी मागे सरकावे लागते.

याच तीन चाकांच्या कुळातली एक गाडी मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ब्रिटिश सरकार अपंगांना फिकट निळ्या रंगाची एक गाडी वापरायला देई. तिच्यात जागा एकाचीच. पाय गमावलेल्या माणसाला तिने घराबाहेर काढले, कामाधंद्याला लावले, हे तिचे उपकार. पण शेजारी बायकोला बसवून बाजारात जायची सोय नाही. किती वर्षे त्या लोकांनी दुसऱ्या आसनासाठी मागण्या केल्या! सरकारने पुढे १९७६ पासून रोख भत्ता सुरू केला, आणि सुरक्षिततेच्या कारणास्तव २००३ च्या मार्चअखेर या गाड्या रस्त्यावरून हटवल्या.

जपानात १९६८ पर्यंत छोट्या मोटारीसाठी निराळा परवाना होता आणि तो सोळाव्या वर्षी मिळे. फ्रान्समध्ये हा प्रकार आजही जोरात आहे. ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी हलकी चारचाकी तेथे २०१४ पासून चौदा वर्षांच्या मुलाला थोडक्या शिक्षणावर चालवता येते. आणि ज्याचा जन्म १९८८ पूर्वीचा, त्याला तर कसलाही परवाना नको. म्हणून खेड्यातल्या आजीबाई, शाळकरी पोरे, आणि बेफाम हाकल्याबद्दल परवाना गमावलेले बहाद्दर असे तिघेही एकाच जातीच्या गाडीत दिसतात. यांतल्या तिसऱ्याला ही सवलत का, हे मला तरी उमगलेले नाही.

आपल्याकडे वाळूजच्या बजाज कारखान्यातून असेच एक लहानगे निघाले. २०१२ साली त्याचे दर्शन झाले. पण रिक्षाही नव्हे आणि मोटारही नव्हे अशा या वाहनाला कोणत्या वर्गात बसवायचे, यावर वाद आणि कोर्टकचेऱ्या होऊन खासगी वापराची वाट २०१८ च्या अखेरीस मोकळी झाली. इंजिन २१६ सी.सी., वेग ताशी ७० किलोमीटरपर्यंत बांधलेला. म्हणजे जर्मनीच्या त्या जुन्या परवान्यात ते सहज बसले असते! आपल्या कायद्याने मात्र परवाना मोटारीचाच मागितला. पुढे एक पोर उभे, मधे एक बसलेले आणि मागे मांडीवर तान्हे घेतलेली आई, असा स्कूटरवरचा संसार आपण रोज पाहतो. त्या संसाराच्या धन्याला हे छप्पर हवे असेल, तर आधी परीक्षेच्या रांगेत उभे राहायला हवे.