नहुश्तान

हिब्रूत साप म्हणजे ‘नाहाश’ आणि तांबे म्हणजे ‘नेहोशेत’. काशालाही तोच शब्द. ‘नहुश्तान’ या नावात दोन्ही ऐकू येतात. बायबलमध्ये हे नाव एकदाच येते, राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, आणि ते ज्या वचनात येते त्याच वचनात हे नाव असलेली वस्तू फोडली जाते.

वस्तूचा जन्म वाळवंटातला. इजिप्तमधून निघालेले इस्राएली वाटेत कुरकुरू लागले, विषारी साप डसून माणसे मरू लागली. देवाच्या आज्ञेवरून मोशेने धातूचा साप घडवून खांबावर चढवला. दंश झालेल्याने त्याच्याकडे पाहिले की तो वाचे. ही ग्रंथातली कथा. पण त्या मुलखात तांब्याचे साप घडत होते, हे नक्की. तिम्नाच्या तांब्याच्या खाणींपाशी एका लहानशा देवळाच्या अवशेषांत 1969 मध्ये पुरातत्त्वज्ञ बेनो रोथेनबर्ग यांना असा एक साप सापडला. लांबी जेमतेम 12 सेंटिमीटर, डोक्याला सोन्याचा मुलामा.

पुढे कित्येक शतकांनी, इसवी सनपूर्व आठव्या शतकाच्या अखेरीस, यहूदाच्या गादीवर हिज्कीया होता. लोक मोशेच्या सापापुढे धूप जाळत होते. हिज्कीयाने उच्च स्थाने, म्हणजे ठिकठिकाणची पूजास्थळे, मोडली, पूजेचे स्तंभ फोडले, अशेरा देवीचा खांब तोडला. या सुधारणेत यरुशलेमच्या मंदिराचे माहात्म्य वाढवण्याचे राजकारणही होते, हे मान्य. तरी परक्यांची दैवते हाकलणे एक आणि खुद्द मोशेच्या हातची, देवाच्या शब्दावरून घडलेली वस्तू फोडणे वेगळे. दुसऱ्या कामाला फार मोठी छाती लागते.

नाव कोणी दिले? मूळ क्रियापद एकवचनी आहे. ‘लोक त्याला नहुश्तान म्हणत’ असा अर्थ निघतो, तसाच ‘राजाने त्याला नहुश्तान म्हटले’ असाही. मला दुसरा पटतो. घाव घालण्याआधी राजाने त्याला नुसते तांबे ठरवले. पूज्य वस्तूला तिच्या धातूच्या नावाने हाक मारली की तिचे अर्धे देवपण तिथेच उतरते.

ज्यू परंपरेने हिज्कीयाच्या या कृत्याला संमती दिली. ज्यू धर्मनियमांचे प्राचीन संकलन असलेली मिश्ना तर विचारते, साप मारतो की जगवतो? लोक वर पाहून मन देवाला वाहत, म्हणून बरे होत.

हिज्कीयाच्या सुधारणेशी जोडला गेलेला एक अवशेषही आहे. बेरशेबा इथे 1973 मध्ये कोठाराच्या भिंतीत मोडलेल्या वेदीचे चिरे सापडले. पुरातत्त्वज्ञ योहानान अहारोनी यांनी ती मोडतोड हिज्कीयाच्या काळातली मानली. दुसरे पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादीन यांना ती यहूदाच्या नंतरच्या योशिया राजाच्या काळातली वाटली. त्यातल्या एका चिऱ्यावर साप कोरलेला आहे.