आधी नोंद, मग काढा

दूधवाल्याचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख ज्या कॅलेंडरवर लिहिली जाते, त्यावरच अनेक मराठी घरांत पाळीचीही खूण असते. पण नुसत्या टिंबाची. बोलायची वेळ आली की ‘कावळा शिवला’ एवढ्यावर विषय मिटायचा. याच भाषेत र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी उघडपणे लिहिले, याचा आपल्याला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. कॅलेंडरवरचे ते टिंब वाचायला शिकणे, हा पाळी आणि वनौषधींच्या या अभ्यासाचा आरंभ.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वीस योनिव्यापदांचा, म्हणजे स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या विकारांचा, अध्याय आहे. त्यात औषधे आहेतच, पण निर्दोष आर्तव, म्हणजे पाळीचे रक्त, कसे ओळखावे हेही सांगितले आहे: ते महिन्याने यावे, पाच रात्री टिकावे, चिकट नसावे, आग किंवा वेदना नसावी, फार नको आणि अगदी थोडेही नको, रंग गुंजेसारखा, लाखेसारखा. वाचकांनी गुंज आणि लाख क्षणभर बाजूला ठेवावी. अंतर, दिवस, प्रमाण, दुखणे, रंग. आजच्या दवाखान्यातही जवळपास हेच प्रश्न विचारले जातात.

आधुनिक शरीरशास्त्राने त्यात मोलाची भर घातली. २८ दिवस हा काही नियम नव्हे. प्रौढ वयात २४ ते ३८ दिवसांचे अंतर सर्वसाधारण मानतात. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा आणि बराचसा स्थिर असतो. कमीजास्त होतो तो मुख्यतः त्याआधीचा काळ. म्हणजे बीज उशिरा सुटले की पाळीही लांबते. आता कल्पना करा, अशी लांबलेली पाळी यावी म्हणून तुम्ही काढा घेतला आणि चार दिवसांनी ती आली. श्रेय काढ्याला मिळेल. ती आपसूक येणारच होती का, हे फक्त आधीच्या पाळ्यांच्या नोंदींची वहीच सांगू शकेल.

वनस्पतींकडेही असेच डोळे उघडे ठेवून पाहावे. पाळीत अति रक्त जात असेल तर अशोकाची साल सांगतात. पण सोसायटीच्या कुंपणाशी शिपायासारखा सरळ उभा, नागमोडी कडांच्या पानांचा ‘अशोक’ हा तो नव्हेच. औषधातला सीता अशोक पसरट असतो आणि त्याला नारिंगी-लाल फुलांचे घोस फांद्यांवरच लगडतात. बाजारात सालींची भेसळ होते ती या नामसाम्यामुळेही. पुराव्याचे वजनही सगळीकडे सारखे नाही: पोटदुखीवर आल्या-सुंठीच्या लहान चाचण्या आशादायक आहेत, शतावरी आणि लोध्र यांच्याबाबत परंपरा भक्कम, चाचण्या मात्र तुटपुंज्या.

म्हणून या पुस्तकातल्या काढ्यांच्या प्रकरणांकडे थेट वळण्याचा मोह आवरा आणि निदान तीन पाळ्यांची नोंद आधी हाती असू द्या. अगदी साधी वही चालेल. ॲप हवेच असे नाही. गरोदर असाल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कोणतीही जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि तासातासाला पॅड भिजत असेल, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त दिसत असेल किंवा पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा डाग पडला असेल, तर पुस्तक मिटून आधी डॉक्टरांना गाठा. ही प्रकरणे नंतरही वाचता येतील.