दोन बाजूंवरचा एक दिवस

आवडत्या ध्वनिमुद्रिकांची यादी करताना अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीशेजारी 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) ठेवावी का, असा प्रश्न पडतो. काही जाणकार तिला 'हलकी' म्हणतात. मला ते पटत नाही. शिवकुमार शर्मांचे संतूर, चौरसियांची बासरी आणि काबरांची आडवी धरलेली गिटार, या वाद्यांपाठीशी खयालासारखी घराण्यांची पुण्याई नव्हती. तरीही अहीरभैरवाच्या पहाटेपासून पहाडीपर्यंत मेंढपाळाचा अख्खा दिवस त्यांनी तबकडीच्या दोन बाजूंवर उभा केला. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत हे अशक्यच होते. लाँगप्ले आली म्हणून ते साधले. या मुद्रणामागे एच.एम.व्ही.चे जी. एन. जोशी होते, म्हणजे आपले आरंभीचे भावगीतगायकच. थोडक्यात पुष्कळ सांगण्याची सवय त्यांना त्या तीन मिनिटांनीच लावली असावी.