विद्युत वाहन अनुदान : खानदेश

विजेवर चालणाऱ्या वाहनाची चढी किंमत ग्राहकाच्या आवाक्यात यावी म्हणून शासन त्या किमतीचा जो भाग उचलते, त्यास विद्युत वाहन अनुदान म्हणतात. केंद्राच्या योजनांत ही रक्कम विक्रेता बिलातूनच वजा करतो व उत्पादक ती नंतर अवजड उद्योग मंत्रालयाकडून मिळवतो. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत शेत, बाजार समिती आणि तालुक्याचे गाव यांना जोडणारे घरचे वाहन बहुधा दुचाकीच असल्याने तेथे या धोरणाची खरी कसोटी दुचाकीच्या किमतीत लागते.

केंद्राच्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ रोजी सुरू झाला. त्यात अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर, म्हणजे तीत साठणाऱ्या विजेच्या युनिटांवर ठरे. जून २०२१ मध्ये दुचाकीसाठी हा दर युनिटमागे १५,००० रुपये व मर्यादा कारखाना-किमतीच्या ४० टक्के झाली. १ जून २०२३ पासून मात्र दर १०,००० रुपयांवर आणि मर्यादा १५ टक्क्यांवर आली. त्यामुळे तीन युनिटांची बॅटरी व एक लाख रुपये कारखाना-किंमत असलेल्या स्कूटरवरील सवलत ४०,००० रुपयांवरून एकदम १५,००० वर उतरली आणि ऑक्टोबर २०२४ च्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत ती पहिल्या वर्षापुरती जास्तीत जास्त १०,००० राहिली. कापसाचे वा केळीचे पैसे हाती आल्यावरच मोठी खरेदी करणाऱ्या कुटुंबाला अनुदान कमी असण्यापेक्षा ते बेभरवशाचे असणे अधिक जाचक ठरते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने दुचाकीस १०,००० रुपयांपर्यंत स्वतंत्र प्रोत्साहन व वाहनकरात माफी दिली, हा त्यातल्या त्यात आधार होता.

शिसे-आम्ल बॅटरीची वाहने, तसेच नोंदणी न लागणाऱ्या मंदगती स्कूटरी ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्यातून वगळल्या गेल्या. तांत्रिकदृष्ट्या हे योग्य असले, तरी सर्वांत स्वस्त वाहन घेणारा ग्राहक त्यामुळे मदतीबाहेर राहिला. शिवाय जळगाव-भुसावळ पट्ट्यात उन्हाळी पारा ४५ अंशांपर्यंत चढतो व उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते, त्यामुळे खरेदीवेळच्या सवलतीइतकीच बॅटरीची हमी व जवळची दुरुस्ती महत्त्वाची ठरते.

घरच्या वाहनापलीकडे शहरी बससेवेसाठीही केंद्राची मदत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत मदत बसच्या किमतीवर नसून धावलेल्या किलोमीटरवर दिली जाते. तिची तीन लाख लोकसंख्येची अट २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे पूर्ण करतात.