कागद कोणाच्या हाती पडावा

पनवेलचा इतिहास हा मुख्यतः वाहतुकीचा इतिहास आहे. मुंबईहून खाडीने येणारी गलबते इथे रिकामी होत आणि माल बैलांच्या पाठीवरून नि गाड्यांतून बोरघाट चढून पुण्याकडे जाई. १८३० साली घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि या वाटेला बरकत आली. तांदूळ-मिठाचा व्यापार होताच, शिवाय दख्खनमधून उतरलेल्या गाडीवानांना चाके विकणे हा इथला मोठा धंदा असल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत सापडते. १८५२ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली. पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली ती कर्जतवरून, आणि पनवेल बाजूला पडले. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले, कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग निघाला, तेव्हा ते पुन्हा वाटेवर आले. आज शहराभोवती कंटेनर यार्ड आहेत, ट्रेलरच्या रांगा आहेत, महाविद्यालये आहेत, भाताणला एक खासगी विद्यापीठ आहे, आणि २०१६ पासून महानगरपालिका आहे. अशा गावात मालाइतकाच कागदही फिरतो. म्हणून समाजमाध्यमे आणि माहितीची सुरक्षा हा आजचा वाटणारा विषय इथे फार जुना आहे. जुन्या व्यापाराने त्याचे जे उत्तर शोधले होते, ते आपण गेल्या दहा-पंधरा वर्षांत हातचे घालवले, असे माझे मत आहे.

हे उत्तर हुंडीत दिसते. पुण्या-मुंबईच्या पेढ्यांमध्ये पैसा प्रत्यक्ष थैलीतून कमी आणि हुंडीच्या कागदावरून जास्त चाले, कारण वाट लुटारूंची होती आणि पावसाळ्यात खाडीचाही भरवसा नसे. हुंडी लिहिण्याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. रक्कम एकदाच लिहून भागत नसे. शंभर रुपये लिहिले की त्यांचे निम्मे पन्नास लिहायचे, मग त्या पन्नासाची दुप्पट पुरे शंभर असे लिहायचे, म्हणजे एखादे शून्य वाढवून कोणाला लबाडी करता येऊ नये. मूळ हुंडी हरवली तर दुसरी प्रत निघे ती पेठ, तीही हरवली तर परपेठ, आणि प्रत्येक प्रतीत आधीच्या प्रतीचा उल्लेख असे, म्हणजे एकाच हुंडीचे पैसे दोनदा उचलता येत नसत. पेढीवाला आपल्या आडत्याला निराळ्या वाटेने निराळे पत्रही धाडी. आज बँक पैसे पाठवण्याआधी मोबाइलवर ओटीपी पाठवते त्यामागचा विचार हाच आहे. या साऱ्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती शहाजोग हुंडी. तिचे पैसे कागद हाती असलेल्या कोणालाही मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे, ज्याला पेढी ओळखते, अशा शहालाच मिळत. कागद चोरीला जाऊ शकतो हे त्या लोकांनी गृहीतच धरले होते. त्यांची सारी व्यवस्था उभी होती ती कागद कोणाच्या हाती पडला तर चालेल, हे आधी ठरवण्यावर.

जुन्या बाजाराचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्याच बाजारात हत्ता पद्धतही होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवत आणि ज्याचा माल विकला जात असे तो शेतकरी शेजारी उभा राहूनही अंधारात असे. ते गुपित दुबळ्याला नागवण्याचे साधन होते, आणि बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलाव सक्तीचा केला हे योग्यच झाले. तेव्हा गुप्तता ही काही स्वतःहून चांगली गोष्ट नव्हे. व्यवहाराची पद्धत उघडी असावी आणि माणसाचा तपशील झाकलेला असावा, एवढा भेद केला की हुंडी योग्य का आणि हत्ता अयोग्य का, हे कळते. आज आपल्या संस्थांत नेमके उलटे चालले आहे. पद्धत कोणाला ठाऊक नसते आणि तपशील मात्र शेकडो मोबाइलांत पडलेला असतो.

मालवाहतुकीच्या धंद्यातला व्हॉट्सॲप ग्रुप घ्या. त्यात ट्रान्सपोर्टर असतो, कस्टम एजंट असतो, यार्डातला कारकून असतो, चालक असतात, आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला पण कोणी न काढलेला एखादा माणूसही असतो. ग्रुपवर दिवसभर फोटो पडतात: डिलिव्हरी ऑर्डर, ई-वे बिल, चालकाचा परवाना, आधार कार्ड, कंटेनरच्या दारावरचे सील. कंटेनरचा क्रमांक चार अक्षरे आणि सात आकड्यांचा असतो आणि शेवटचा आकडा आधीच्यांवरून गणिताने काढलेला असतो, म्हणजे लिहिण्यात चूक झाली तर लगेच ध्यानात यावी. इतकी काळजी घेऊन बनवलेला क्रमांक सीलच्या आकड्यासह, मालाच्या वर्णनासह आणि चालकाच्या फोन नंबरासह एकाच ठिकाणी, कोणाचीही देखरेख नसलेल्या ग्रुपवर उघडा पडतो. माल कुठे आहे, कोणाचा आहे आणि तो सोडवायला कोण येणार, हे सारे एका अनोळखी माणसाला तिथे बसल्या जागी कळते. आपणच एजंट आहोत असे भासवून बँकेचा बदललेला खाते क्रमांक कळवायला त्याला आणखी काय हवे? महाविद्यालयांतही हेच चालते. प्रवेशाच्या दिवसांत वर्गाच्या ग्रुपवर विद्यार्थ्यांच्या याद्या फोन नंबर, जातीचे दाखले आणि गुणांसह पडतात, आणि मुलींचे नंबर त्यातून कुठे जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

माहिती नीट न सांभाळल्याचे परिणाम २०१७ या एका वर्षात या पट्ट्याने तीनदा पाहिले. मार्चमध्ये बारावीच्या परीक्षेत मराठीची प्रश्नपत्रिका पेपर सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी व्हॉट्सॲपवर आली, मग इतर विषयांच्याही आल्या. रायगड जिल्हा, म्हणजे पनवेलही, राज्य शिक्षण मंडळाच्या मुंबई विभागात येतो आणि त्या विभागाचे कार्यालय वाशीला आहे. प्रश्नपत्रिका छापखान्यापासून केंद्रापर्यंत मोहोरबंद येई, तिजोरीत राही, पहारा असे. गळती झाली ती पाकीट फुटल्यानंतर आणि मुलांच्या हाती कागद पडण्याआधीच्या मिनिटांत, ज्या मिनिटांना पूर्वी काहीच किंमत नव्हती. फोनमुळे ती मिनिटे महाग झाली. मंडळाने पुढे काढलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. पंचवीस-पंचवीस प्रश्नपत्रिकांची पाकिटे करायची आणि ती परीक्षेच्या दालनातच, विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन फोडायची. २०२३ मध्ये दहा मिनिटे आधी प्रश्नपत्रिका देण्याची सवलतही मंडळाने काढून घेतली आणि ती दहा मिनिटे शेवटी जोडली. या उपायांत ना नवे यंत्र आहे ना नवे ॲप. कागद कोणत्या क्षणी कोणापुढे उघडेल, एवढेच नव्याने ठरवले आहे.

दुसरा धक्का २७ जून २०१७ चा. नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची संगणक यंत्रणा बसली. न्हावा शेव्यातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल त्याच समूहाचे. वर्षाला १८ लाख टीईयूंची (वीस फुटी कंटेनरच्या मापाने) क्षमता असलेल्या त्या टर्मिनलवर काम हाताने करायची वेळ आली. मर्स्कने पुढे सांगितले की दहा दिवसांत त्यांना ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचे झाले. इथे कोणी म्हणेल, आणि ते रास्त आहे, की हा हल्ला समाजमाध्यमांतून आलाच नाही. खरी चोरी करतात ते परदेशातले तरबेज लोक, आणि २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले तेही ग्रुपवरच्या फोटोंमुळे नव्हे. हे मान्य. पण त्या दिवसांत मर्स्कची माणसे काय करत होती ते पाहा. ती खासगी जीमेल आणि व्हॉट्सॲपवरून जहाजांच्या नोंदी घेत होती. संकटात तेच योग्य होते. त्याशिवाय माल हललाच नसता. फरक एवढाच की त्यांनी ती तात्पुरती सोय म्हणून वापरली आणि यंत्रणा पुन्हा उभी राहिल्यावर काम तिच्यावर परत नेले. आपल्याकडच्या अनेक कचेऱ्यांनी कोणतेही संकट नसताना तीच तात्पुरती सोय कायमची कचेरी करून टाकली आहे.

तिसरी घटना मुंबई विद्यापीठाची, पनवेलची बहुतेक महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत त्याची. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायच्या असे उन्हाळ्यात घाईने ठरले, निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले, उत्तरपत्रिका गहाळ झाल्या, काहींना दुसऱ्याच विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका मिळाली, आणि २४ ऑक्टोबरला राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. माहितीची सुरक्षा म्हणजे केवळ चोरापासून बचाव नव्हे. माहिती ज्याची आहे त्याला ती वेळेवर आणि बिनचूक मिळणे हाही तिचाच भाग, आणि विद्यापीठ तिथे कमी पडले. या प्रकरणातून माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेपही निघतो. विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवर आपापल्या तक्रारी मांडल्या नसत्या, तर विद्यापीठाचा गोंधळ आणखी किती काळ झाकून राहिला असता? मग त्यांना लगाम घालायचा कशाला? लगाम घालावा असे मी म्हणतच नाही. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाचा तिथे वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. बोलणाऱ्याचे तोंड बंद करणे ही सुरक्षा नाही. विद्यार्थ्याने स्वतःचा निकाल, स्वतःची तक्रार जगापुढे मांडावी. पण कारकुनाने शंभर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक ग्रुपवर टाकणे ही त्याच स्वातंत्र्याची गोष्ट नव्हे. पहिल्यात माणूस आपले सांगतो, दुसऱ्यात दुसऱ्याचे वाटून टाकतो.

दुसरा आक्षेप तंत्राचा आहे: व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून पूर्णपणे सांकेतिक स्वरूपात जातात, मग भीती कसली? सांकेतिक लिपी वाट सुरक्षित करते. मुक्कामी कोण बसले आहे, हे तिला ठाऊक नसते. जोखीम आहे ती कोणी यादी न तपासलेल्या ग्रुपात. म्हणून बंदी हाही उपाय नाही. ग्रुप बंद केला की लोक दुसरा काढतात, आणि तो संस्थेला दिसतही नाही. राज्य सरकारनेही २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी नियम काढताना समन्वयासाठी अशा माध्यमांच्या वापराला मुभा दिली, आणि खासगी नि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागद टाकू नयेत, असे सांगितले. दिशा बरोबर आहे. मात्र परिपत्रक वाचून सवय बदलत नाही. त्यासाठी कागद ठेवायला संस्थेची स्वतःची, रोज वापरायला सोपी जागा हवी, आणि ती लहान ट्रान्सपोर्टरला परवडणारी हवी. इथे मोठ्या कंपन्यांनी आणि बंदर प्रशासनाने लहानांचा भार उचलला पाहिजे, कारण माल त्यांचाच आहे.

कायदा आता वाट पाहणार नाही. संगणक यंत्रणेवरचा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवावा, असा आदेश एप्रिल २०२२ पासून आहे. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा गोळा केलेल्या माहितीची जबाबदारी गोळा करणाऱ्यावर टाकतो, मग ते महाविद्यालय असो की यार्ड. पनवेलमधल्या प्राचार्यांना आणि ट्रान्सपोर्टरना माझी विनंती एवढीच आहे: या आठवड्यात आपल्या प्रत्येक ग्रुपची सभासद यादी उघडा, सोडून गेलेल्यांची नावे काढा, आणि दुसऱ्या माणसाचे कागद तिथे पडणार नाहीत असे लेखी ठरवा. आणि पैशांची फसवणूक झालीच, तर पहिल्या तासातच १९३० या क्रमांकावर फोन करा.